बूट चौदा हजारांचे, घोटा कितीचा?

नाशिकहून एका वडिलांचं चार पानी पत्र आलं आहे. नाव-पत्ता गाळून त्याचा सारांश असा:

"मी अंबडच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करतो. मुलगी यंदा अकरावीत गेली. सहावीपासून बास्केटबॉल खेळते, पुढच्या महिन्यात जिल्हा संघाची निवड चाचणी आहे. वर्षभरात तिचा उजवा पाय दोनदा मुरगळला. पहिल्यांदा रिबाउंडला (बास्केटवर आपटून परत आलेला चेंडू घ्यायला) उडी मारली आणि खाली आली ती दुसऱ्या मुलीच्या पायावर. आंबेहळद-तुरटीचा लेप, क्रेप बँडेज, दहा दिवस विश्रांती, आणि सूज उतरली तशी पुन्हा मैदानावर. तीन महिन्यांनी नुसतं वळताना तोच पाय पुन्हा मुरगळला. आता तिला चौदा हजारांचे बूट हवे आहेत. टाचेखाली हवेची गादी, घोट्याच्या वर जाणारी कॉलर. उडी वाढते आणि पाय वाचतो, असं ती म्हणते. मी हसलो तर तिने मोबाइलवर दाखवलं, की अमेरिकेत एका कंपनीच्या बुटांवर उडी वाढते म्हणून बंदी आली होती. 'उगाच घालतात का बंदी, पप्पा?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. बायको म्हणते, गेल्या वर्षी तुम्ही मेन रोडवरून अकराशेचे बूट आणलेत म्हणून पाय गेला, आता तरी हात आखडू नका. आई म्हणते, आम्ही अनवाणी डोंगर तुडवले, आमचे पाय कुठे मुरगळले? दोन महिने ओव्हरटाइम केला तर पैसे उभे राहतील. पण घेतले आणि तरी मुरगळला तर? आणि नाही घेतले आणि मुरगळला तर? या दुसऱ्या 'तर'ने झोप लागत नाही."

नमस्कार.

तुमचं पत्र बुटांबद्दल आहे असं तुम्हाला वाटतं, पण चार पानांत बूट जेमतेम दीड पानभर आहेत. बाकी सगळी 'माझ्यामुळे झालं का?' ही बोच आहे. म्हणून आधी तिथून सुरुवात करते.

पहिल्या वेळी तुमची लेक दुसरीच्या पायावर उतरली, हे तुम्हीच लिहिलंय. तिच्या तळव्याखाली त्या क्षणी जमीन नव्हती, एक गोलसर, हलणारं पाऊल होतं. त्यावरून पाय आत वळणार नाही असे बूट अजून कोणी शिवलेले नाहीत. ऑस्ट्रेलियात बास्केटबॉलच्या मैदानांवर जाऊन १०,३९३ खेळाडूंवर नजर ठेवून केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. घोट्याच्या जवळपास निम्म्या दुखापती उडीवरून खाली येताना झालेल्या होत्या. म्हणजे तुमच्या लेकीचं झालं ते या खेळातलं अगदी नेहमीचं दुखणं. अकराशेचे बूट त्यात निर्दोष आहेत, आणि तुम्हीही. (हा परिच्छेद घरात मोठ्याने वाचून दाखवू नका, एवढी विनंती. बायकोशी वाद जिंकायला हे सदर नाही.)

त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी आहेत, त्या मात्र मोठ्याने वाचल्या तरी चालतील. ज्यांचा घोटा आधी दुखावलेला होता त्यांना पुन्हा दुखापत होण्याची शक्यता इतरांच्या जवळपास पाचपट होती. आणि ज्यांच्या बुटांच्या टाचेत हवेच्या पिशव्या होत्या, त्यांना ती चारपटीहून थोडी अधिक होती. हो, अधिक. आता यावरून 'हवेचे बूट पाय मोडतात' असं म्हणायला मी तयार नाही. हे निरीक्षण आहे, मुद्दाम बूट वाटून केलेला प्रयोग नव्हे. कदाचित जास्त उड्या मारणारेच असे बूट घेत असतील, किंवा टाच उंच आणि मऊ झाल्याने पाय डळमळत असेल. पण हवेची गादी घोट्याचं रक्षण करते, हे तरी यातून कुठेच दिसत नाही.

आता त्या बंदीकडे येऊ, कारण लेकीने तुम्हाला तिथेच चीत केलंय.

बंदी खरी आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने अॅथलेटिक प्रोपल्शन लॅब्ज या नव्या कंपनीच्या बुटांवर बंदी घातली. चवड्याखाली स्प्रिंगसारखी यंत्रणा होती, किंमत ३०० डॉलर, आणि उडी वाढते हा दावा खुद्द कंपनीचा होता. लीगने नियमावर बोट ठेवलं: खेळाडूला गैरवाजवी फायदा देणारी वस्तू चालणार नाही. बंदीला एवढंच कारण पुरतं. ती घालायला बुटांनी खरंच किती उडी वाढते हे सिद्ध व्हावं लागत नाही. कंपनीसाठी तर बंदीची बातमी हीच फुकटची जाहिरात ठरली. यातही नवं काही नव्हतं. मायकेल जॉर्डनच्या बुटांवरची १९८५ ची गाजलेली बंदी आठवते का? तिथे लीगचा आक्षेप होता रंगावर. लाल-काळे बूट संघाच्या गणवेशाच्या नियमात बसत नव्हते. पण जाहिरात अशी झाली, की बुटांत काहीतरी जादू असल्यामुळे लीग घाबरली. चाळीस वर्षं झाली, तीच जादू आज तुमच्या लेकीच्या मोबाइलवर पोचली आहे.

बूट आणि उडी यांची गाठ घालणारं आणखी एक प्रसिद्ध चित्र आहे. सिडनी ऑलिंपिक, सप्टेंबर २०००. अमेरिकेच्या व्हिन्स कार्टरने फ्रान्सच्या २ मीटर १८ सेंटीमीटर उंचीच्या फ्रेडरिक वाइसला चक्क ओलांडून चेंडू बास्केटमध्ये कोंबला. पायात होते नायकेचे नवेकोरे शॉक्स, टाचेखाली चार खांब दिसणारे. ते खांब पाहून कोणालाही वाटेल, बरोबर, स्प्रिंगनेच उडवलं. पण याच कार्टरने त्याच वर्षी फेब्रुवारीत, एनबीएच्या डंक स्पर्धेत (उंच उडी मारून चेंडू बास्केटमध्ये कोंबण्याच्या स्पर्धेत), लोकांच्या तोंडात बोटं घालायला लावली होती, आणि तेव्हा पायात दुसऱ्याच कंपनीचे, अँड वनचे साधे बूट होते. वर्ष तेच, माणूस तोच, उडी तीच. बदलले ते फक्त बूट.

आता तुम्ही यंत्रावर काम करणारे, म्हणून तुमच्याच भाषेत. समजा लेकीचं वजन ५८ किलो आणि उडी ४० सेंटीमीटर. एवढं वजन एवढं वर न्यायला सुमारे २२७ जूल लागतात. एक सेंटीमीटर जास्त हवा असेल तर आणखी सुमारे ६ जूल. ते द्यायचे कोणी? स्प्रिंग पदरचं काही घालत नाही. दाबताना जे दिलं त्यातलंच ती परत करते आणि थोडं उष्णतेत घालवते, हे तुम्हाला मी सांगायला नको. बुटाच्या सोलमधला फोमही तसाच. शिवाय तो दबतो काही मिलिमीटर, आणि परत देतो ते टाचेखाली, जेव्हा उडी घ्यायची असते चवड्यावरून. गोदाकाठच्या वाळूत उभं राहून उडी मारून बघा, मग घाटाच्या दगडावरून मारा. मऊ जमीन पायाला सुख देते, उडी देत नाही.

तरीही 'बुटांनी काडीचाही फरक पडत नाही' असं मी लिहिणार नाही, ते खोटं होईल. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात बुटांच्या सोलमध्ये कडक पट्टी घालून उड्या मोजल्या गेल्या. चवड्याजवळ बूट कमी वाकला की तिथे वाया जाणारी ऊर्जा वाचते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी वाढ निघाली १.७ सेंटीमीटर. बोटाच्या एका पेराहूनही कमी. आणि ती आली ती कडकपणातून. दुकानात मिरवतात तो मऊपणा, हवा, जेल, यांचा त्यात संबंध नव्हता. याउलट नुसत्या उड्यांचा नीट आखलेला व्यायाम काही आठवडे केला तर उडी सरासरी ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं आहे. ४० सेंटीमीटरवर ते दोन ते साडेतीन सेंटीमीटर होतात. फुकटात.

माझा अत्यंत आवडता प्रयोग मात्र वेगळाच आहे, तोही कॅल्गरीचाच, २०१६ चा. खेळाडूंना कमी-जास्त वजनाचे बूट दिले. एका गटाला वजनातला फरक सांगितला, दुसऱ्याला त्याचा पत्ता लागू दिला नाही. ज्यांना ठाऊक होतं ते हलक्या बुटांत सुमारे दोन टक्के उंच उडाले. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांच्यात काही फरक पडला नाही. म्हणजे बूट तेच, उडी मारली ती 'माझे बूट भारी आहेत' या भावनेने.

मला हे फार गोड वाटतं, आणि तुमच्या लेकीच्या बाजूने बोलायला यात एक मुद्दाही आहे. निवड चाचणीच्या दिवशी आपल्या पायात काहीतरी चांगलं आहे असं वाटणं, यालाही मोल आहे. पण याच नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती धोक्याची. कॅनडातल्याच दुसऱ्या संशोधकांनी १९९७ मध्ये काही तरुणांना एका उंचवट्यावरून अनवाणी खाली पाऊल टाकायला लावलं. खालच्या पृष्ठभागाचं साहित्य सारखंच, फक्त त्याबद्दल सांगितलेली माहिती वेगवेगळी. 'हे खास संरक्षण देणारं आहे' असं ज्याबद्दल सांगितलं, त्यावर ते जास्त जोरात आदळले. संरक्षण आहे म्हटल्यावर शरीर आपली काळजी घेणं सोडतं. दोनदा मुरगळलेल्या घोट्याच्या मुलीला 'आता काही होणार नाही' असं वाटायला लावणारे बूट, हे माझ्या मते चौदा हजारांतलं खरं जोखमीचं कलम आहे.

तुम्ही विचाराल, मग कॉलरचं काय? घोट्याला गच्च धरणारी उंच कॉलर उपयोगी असेलच की. हे इतकं पटण्यासारखं वाटतं, की मीसुद्धा शाळेत बास्केटबॉल शिकवताना वर्षानुवर्षं मुलींना उंच कॉलरचेच बूट घ्या म्हणत आले. १९९३ मध्ये अमेरिकेत ६२२ महाविद्यालयीन खेळाडूंना चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटून बूट दिले गेले: बुटके, उंच, आणि हवा भरून फुगवायचे उंच. संपूर्ण हंगामानंतर घोट्याच्या दुखापतींत तिन्ही गटांत दखल घ्यावा असा फरक निघाला नाही. मऊ कापडाची ती कॉलर, शरीराचं सगळं वजन आत कलंडलं की दुमडते, झालं.

दुमडत नाही तो लेसचा अँकल ब्रेस, म्हणजे घोट्याला आवळून बांधायचा आधार. मोज्यावर चढवायचा, वर बूट घालायचा. २०११ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला अभ्यास तुमच्या लेकीच्याच वयाच्या, शाळेत बास्केटबॉल खेळणाऱ्या १,४६० मुलामुलींवरचा आहे. ब्रेस घालणाऱ्या गटात घोट्याच्या दुखापती न घालणाऱ्यांच्या साधारण एक तृतीयांश झाल्या. ब्रेस घालूनही ज्यांचा पाय गेला त्यांची दुखापत कमी गंभीर होती असं मात्र नाही, आणि गुडघ्याला त्याचा फायदा दिसला नाही. तरीही एवढा स्पष्ट आकडा कुठल्याही बुटाने मला अजून दाखवलेला नाही. असा ब्रेस साधारण हजार-दीड हजारांत येतो. पायाचं माप घेऊन, लेस असलेलाच घ्या. नुसता ओढून चढवायचा इलास्टिकचा पट्टा तेच काम करत नाही.

एनबीएतल्या स्टीफन करीचं नाव तुमच्या लेकीला नक्की माहीत असेल. २०११ आणि २०१२ अशा सलग दोन वर्षांत उजव्या घोट्याच्या शस्त्रक्रिया झाल्या, लोक त्याचं करिअर संपलं म्हणत होते. त्याने कंबर-मांड्यांची ताकद वाढवली, वळताना भार घोट्याऐवजी नितंबावर घ्यायला शिकला, ब्रेस घालून खेळत राहिला. बूट त्याच्या नावाने विकले जातात, हे खरं. पण घोटा बुटाने बरा केला नाही.

तर आता तुमच्या घरातल्या घोट्याकडे. पत्रातलं मला सर्वात खटकलेलं वाक्य तुम्ही अगदी सहज लिहून गेलात: 'सूज उतरली तशी पुन्हा मैदानावर.' सूज उतरणं म्हणजे घोटा बरा होणं नव्हे. मुरगळताना बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात, आणि त्यांच्यातली पाय कुठे, किती कलला आहे हे मेंदूला कळवणारी यंत्रणाही बिघडते. वेदना जाते, ही खबर देणारी तार ढिलीच राहते. म्हणून दुसऱ्यांदा कोणी पायाखाली नसताना, नुसतं वळताना पाय गेला. लेपाला मी नावं ठेवत नाही, माझ्या आईनेही घातलाय. पण लेप ती तार जोडत नाही. आणि एक गोष्ट, दुखतं म्हणून कोणाकडे नेऊन पाय कडाकडा ओढून घेऊ नका, कृपा करून.

आज रात्री घरी गेल्यावर हे करून बघा. लेकीला अनवाणी उजव्या पायावर उभं करा, हात कमरेवर, डोळे मिटलेले, तुम्ही शेजारी उभे. मनात तीसपर्यंत मोजा. मग डाव्या पायावर. उजवा पाय डाव्यापेक्षा खूप आधी डगमगला तर उत्तर तुमच्यासमोर आहे. मग भिंतीला बोट टेकवून एका पायावर टाच वर-खाली करायला सांगा, दोन्ही पायांनी सारख्याच वेळा जमतं का ते मोजा. हे जमल्याशिवाय निवड चाचणीचा विचार नको, बूट तर त्याच्याही नंतर. फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवाच. ईएसआयचं कार्ड असेल तर सातपूरच्या रुग्णालयात आधी चौकशी करा. आणि पुढे कधी पाय मुरगळला आणि घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबून दुखत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर लेपाआधी एक्स-रे.

व्यायाम कंटाळवाणे आहेत, हे आधीच सांगते. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, सकाळी उजवा, रात्री डावा. जमलं की घडी घातलेल्या गोधडीवर. मग त्याच अवस्थेत तुम्ही चेंडू टाकायचा, तिने झेलायचा. तुमची शिफ्ट सुटल्यावर दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा तरी, दोन महिने. चाचणीनंतरही सोडायचे नाहीत. आणि उतरणं शिकवायचं. मी पंधरा वर्षं शाळेच्या मुलींना शिकवलं, त्यात सर्वाधिक कामी आलेली युक्ती ही होती, की डोळे मिटून मी मुलींचं उतरणं ऐकायचे. सिमेंटच्या कोर्टावर 'धप्प' असा आवाज आला की ती मुलगी ताठ गुडघ्यांनी उतरली. चवड्यावर आधी, मग टाच, गुडघे वाकलेले आणि पायाच्या बोटांच्या रेषेत, एकमेकांकडे झुकलेले नकोत. गुडघ्याचं मी मुद्दाम लिहितेय. याच खेळात मुलींच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा दोन ते चार पट आहे, आणि कॉलर कितीही उंच असली तरी ती गुडघ्याच्या खूप खाली संपते.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सकाळी सहाला पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा गरम होण्याची दहा मिनिटं टाळू नये. थंडीत बुटातला फोमही कडक होतो, ते वेगळंच.

आता बूट. हो, बूट घ्याच. मी बुटांविरुद्ध नाही, अनवाणी खेळण्याच्या बाजूची तर मुळीच नाही. तुमच्या आईंना सांगा, आपल्याच जिल्ह्यातली कविता राऊत लहानपणी अनवाणी धावायची, पण २०१० च्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरचं रौप्य घेतलं ते पायात बूट घालून. आणि डोंगरावर कोणी शेजाऱ्याच्या पायावर उतरत नाही.

बुटांनी खरं काय द्यायला हवं? पकड. कॅल्गरीच्याच एका कामात वजन, कडकपणा आणि पकड यांची तुलना केली, तेव्हा खेळात फरक पडला तो मुख्यतः पकडीने. ती कमी झाली की वळणं, धावणं, उडी सगळंच मंदावतं. आपल्याकडे हा मुद्दा अजून महत्त्वाचा, कारण आपली बहुतेक कोर्टं उघडी, सिमेंटची. पावसाळ्यानंतर कोपऱ्यात शेवाळ, उन्हाळ्यात धूळ, बाजूच्या झाडाची पानं. चौदा हजारांच्या कित्येक बुटांचा तळ लाकडी फरशीसाठीच्या मऊ रबराचा असतो. तो सिमेंटवर काही महिन्यांत गुळगुळीत होतो, आणि गुळगुळीत महागडा बूट हा स्वस्त बुटापेक्षा वाईट, कारण तो टाकून द्यायला जीव होत नाही. दुकानात तळ उलटा करून बघा: जाड, कडक रबर, खोल नागमोडी खाचा. नखाने दाबून सहज खड्डा पडत असेल तर तो बूट आपल्या मैदानाचा नव्हे.

दुसरं, माप. संध्याकाळी जा, पाय तेव्हा किंचित फुगलेले असतात. खेळताना घालते तेच मोजे आणि तो ब्रेस सोबत न्या. पुढे अंगठ्याएवढी जागा, टाच मागे अजिबात घसरायला नको. 'वाढत्या पायाचे' म्हणून एक नंबर मोठे नकोत, पाय आत घसरला की घोट्यावर ताण येतोच. बूट हातात घेऊन वाकवा: चवड्यापाशी वाकला पाहिजे, मध्येच नाही. पिळून बघा: फडक्यासारखा पिळला जाऊ नये. आणि पळण्याचे बूट घालून खेळायला देऊ नका. त्यांची उंच मऊ टाच सरळ धावण्यासाठी असते, बाजूला झेपावताना ती कलंडते.

अशा कसोट्यांना उतरणारा, चार ते सहा हजारांतला, कदाचित गेल्या वर्षीचा म्हणून सवलतीत आलेला जोड माझ्या हिशेबात पुरे. उरलेल्या पैशांत ब्रेस आणि फिजिओथेरपिस्टच्या चार भेटी बसतात. नावाजलेल्या कंपनीचा बूट अर्ध्या किमतीत मिळतोय म्हणून मात्र भुलू नका. मी एकदा अशी नक्कल घेतली होती, पहिल्याच सामन्यात सोल वहाणेसारखा लोंबायला लागला. अस्सल बूटही फाटतात, हेही सांगून ठेवते. २० फेब्रुवारी २०१९ ला अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातल्या झायन विल्यमसनचा बूट सामन्याच्या पहिल्याच मिनिटात उसवून पाऊल बाहेर आलं आणि गुडघा दुखावला. तो बूट जगातल्या सर्वात मोठ्या बूट-कंपनीचा होता.

राहिला तुमचा खरा अवघड भाग, लेकीशी बोलणं. पत्रात एका ओळीत तुम्ही लिहिलंय, की संघातल्या चौघींकडे तेच बूट आहेत. मला वाटतं उडी, गादी, बंदी हे सगळं त्या ओळीभोवती गुंडाळलेलं कागद आहे. सोळाव्या वर्षी चौघींत पाचवी असणं सोपं नसतं. त्याला 'फॅड' म्हणून उडवू नका, आणि 'तुझ्यासाठी ओव्हरटाइम करतो' असं म्हणून तिच्या डोक्यावर कर्जही ठेवू नका. तिला तुमच्या घरचा हिशेब कळू द्या: एवढे पैसे आहेत, त्यातून घोटा, ब्रेस आणि बूट बसवायचेत, तू ठरव कसं. ती जर म्हणाली, की बूट चौदाचेच हवेत, बाकीचं मी माझ्या साठवलेल्या पैशांतून आणि व्यायामाने भागवते, तर माझी हरकत नाही. तुमचीही नसावी.

आणि तिचा अजून विश्वास बसत नसेल तर भांडू नका, मोजा. पंचवटीतल्या आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीवर मी हे मुलींकडून करून घ्यायचे. त्या चौघींपैकी जिचा नंबर सारखा असेल तिचे बूट एका संध्याकाळपुरते मागून घ्या. बोटांना ओला खडू लावायचा, भिंतीशी उभं राहून हात ताणून एक खूण, मग उडी मारून वर दुसरी. दोन्हींमधलं अंतर म्हणजे उडी. तीन उड्या जुन्या बुटांत, तीन त्या भारी बुटांत, मध्ये दोन मिनिटं दम, आणि क्रम पुढच्या वेळी उलटा, नाहीतर दमलेल्या पायांचा दोष बुटांना लागेल. आमच्या भिंतीवर बुटांमुळे पडलेला फरक नेहमीच एकाच मुलीच्या तीन उड्यांमधल्या फरकात हरवून जायचा. तारीख घालून ठेवा, व्यायामाच्या दोन महिन्यांनंतर त्याच भिंतीवर पुन्हा मोजा. फक्त खडू ओलाच असू द्या, कोरडा नीट उमटत नाही. आणि भिंत शेजाऱ्यांची असेल तर आधी विचारून घ्या.